काष्टा आणि जनरेटर

शालन जाधव पुढे वीज मंडळात इंजिनिअर झाली, सबस्टेशनं सांभाळली, भल्याभल्या वायरमननी तिची धास्ती घेतली. पण ती इंजिनिअर कधी झाली असं मला विचाराल तर मी डिग्रीचं साल सांगणार नाही. ती झाली कराडच्या कॉलेजात, तिसऱ्या वर्षाला, चौऱ्याहत्तरच्या थंडीत, एका गुरुवारी दुपारी. मी तिच्याच बॅचला होतो, म्हणून छातीठोकपणे सांगतो.

आमच्या इलेक्ट्रिकलच्या वर्गात ती एकटी मुलगी. रोज उंब्रजहून एसटीने यायची. वडील हंबीरराव फौजेत, दूर आसामात, त्यामुळे घरचा कारभार चुलत्यांच्या, म्हणजे दादासोंच्या हातात. पोरीच्या शिक्षणाला दादासोंचा विरोध नव्हता. फक्त एक अट होती आणि ती त्यांनी ॲडमिशनच्या दिवशीच सांगून टाकली होती.

"प्यांट न्हाई, पंजाबी न्हाई. साडीत जायाचं, साडीत यायचं. ज्या दिवशी दुसरं काय अंगावर दिसंल, त्या दिवशी कालेज बंद."

दादासो एकदा बोलले की बोलले.

पहिली दोन वर्षं साडीत निभावली. तिसऱ्या वर्षी मशीन लॅब आली. तिथे मोटर आणि जनरेटर एका दांड्याने जोडलेले, आणि मधलं कपलिंग उघडं गरगरत असायचं. निकम सरांनी पहिल्याच दिवशी शालनला दारात अडवलं.

"मिस जाधव, या साडीत आत घेता येणार नाही. पदर कपलिंगमध्ये गेला तर तुमच्या घरच्यांना मी काय तोंड दाखवू? पँट घालून या, नाहीतर प्रॅक्टिकल विसरा."

सर काही खडूस नव्हते. त्यांना खरंच भीती वाटत होती. पण प्रॅक्टिकल नाही तर टर्म नाही, आणि टर्म नाही तर परीक्षा नाही. इकडे सर, तिकडे दादासो, आणि मधे ही. आमचे प्रयोग चालायचे तेव्हा ती व्हरांड्यात खिडकीशी उभी राहून आत बघायची. मला तर चीड यायची. एकदा मी तिला म्हणालो, "जरा रडून तरी दाखव सरांपुढं."

"रडल्यावर कपलिंग थांबतंय व्हय रं?" ती म्हणाली.

त्या रविवारी त्यांच्या मळ्यात गुऱ्हाळ चालू होतं. तिची आई, रंगूबाई, चरकात ऊस घालायला बसली होती. शेजारी इंजिनाचा पट्टा फडफडतोय, पुढ्यात चरकाचे रूळ फिरतायत, आणि रंगूबाई काष्टा मारून, पदर कंबरेला घट्ट खोचून निवांत ऊस सारतेय. शालनने आई अशीच जन्मभर पाहिली होती. त्या दिवशी मात्र ती बघतच राहिली. हे सगळं तिनेच मला नंतर सांगितलं.

"आई, तुझं एक लुगडं दे मला."

"काय करतीस?"

"कालेजात नेसून जाते."

"अगं, लोक हसतील की."

"हसू द्यात. भाईर हुबी ऱ्हायले तर कोण हसत न्हाई, पर शिकायलाबी मिळत न्हाई."

गुरुवारी सकाळी ती नऊवारी नेसून निघाली तेव्हा दादासो ओसरीवर होते. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि वाट सोडली. अडवणार कशावरून? साडीच होती ती.

कॉलेजात मात्र शिट्ट्या झाल्या. तेव्हा कॉलेजच्या मुली सहावारी नेसायच्या; तरण्या पोरीने नऊवारी नेसली की पोरांना तमाशाच आठवायचा. आमच्या बॅचचा कृष्णात कुपवाडचा, त्याच्या बापाचं वर्कशॉप, जिभेला हाड नाही. तो म्हणाला, "काय जाधवबाई, ढोलकीवाला मागनं येतोय का?"

पोरं खिदळली. शालन त्याच्याकडे वळली. "कृष्णात, माझी आई हेच नेसती. तुझी काय नेसती?"

कृष्णात वह्या चाळायला लागला. आम्हा सगळ्यांच्या आया नऊवारीतच होत्या. माझी तर त्या वेळी रानात तण काढायला, भांगलणीला गेलेली असणार. मला माझ्याच वर्गाची लाज वाटली.

निकम सरांनी तिला दारात उभी केली. वाकायला लावलं, वळायला लावलं, हात पुढे करायला लावला. कुठे काही लोंबत नव्हतं, काही सुटत नव्हतं. सर बाजूला झाले. "या आत."

त्या दिवशीचा प्रयोग होता चालता जनरेटर बाहेरून येणाऱ्या लाइनला जोडायचा. गाडीला जुंपलेल्या बैलांचं पाऊल जुळावं तशी दोन्हीकडच्या विजेची चाल जुळावी लागते. ती जुळत आली की स्विचवरचे तीन दिवे सावकाश उजळतात आणि सावकाश विझतात. विझलेले असताना स्विच टाकायचा. चुकलात तर यंत्र धडकी भरवतं.

कृष्णात आधी पुढे झाला. दिवे अजून भराभर मिचकत होते तरी त्याने अंदाजाने स्विचची मूठ दाबली. धाडकन आवाज झाला, टेबल हादरलं, फ्यूज उडाले. कृष्णात पांढराफटक.

फ्यूज बदलल्यावर शालन पुढे झाली. तिने मोटरची चाल इतकी हळूहळू जुळवली की मलाच घाई झाली. दिवे विझले तरी तिने लगेच हात हलवला नाही. अंधाराचा मध्य येऊ दिला आणि मूठ दाबली. जनरेटर लाइनला असा लागला की काही घडल्याचं कळलंही नाही.

सरांनी मीटर पाहिले, पुन्हा पाहिले. मग ते कृष्णातला म्हणाले, "आता तू कर. मिस जाधव सांगतील तसं."

सगळं सोडवून पुन्हा चालू केलं. कृष्णातने मूठ धरली.

"टाकू का?" त्याने विचारलं. सरांना नाही, तिला.

"थांब." दिवे उजळले, मंदावले, विझले. "आजून थांब. भिऊ नगंस. हं, टाक."

त्याने टाकला. काहीही आवाज झाला नाही. दिवे विझलेलेच राहिले आणि यंत्र शांतपणे चालत राहिलं. कृष्णातने एवढा मोठा श्वास सोडला की आम्ही सगळे हसलो, तीही हसली.

निकम सर दाराकडे गेले आणि बाहेर थांबलेल्या पोरांना म्हणाले, "पुढची बॅच आत या." आमच्यातली बाकीची पोरं बाहेर पडली होती; मी, कृष्णात आणि शालन वह्या गोळा करून निघालो, तसे सर आमच्याकडे वळले.

"तुम्ही दोघे जा. मिस जाधव, तुम्ही इथंच थांबा. यांनाही शिकवायचंय."