म्हसोबाच्या खांबाला सोडलेली वीत

खैरुनबी रागावली की चुना दळायच्या घाणीला जुंपलेला बैलसुद्धा थबकतो, असं शाहूपुरीतले हमाल म्हणायचे. तीस वर्षं तिनं नवऱ्याच्या, लालासाब गवंड्याच्या हाताखाली चुना मळला होता, विटा वाहिल्या होत्या. लालासाब अबोल. ओळंबा सोडायचा, एक डोळा मिटून बघायचा आणि मान हलवायचा, एवढंच त्याचं बोलणं. दोघांच्या वाटचं बोलायला खैरुनबी होतीच.

शाहू महाराजांच्या कारकिर्दीची अखेरची वर्षं ती. गूळवाल्या आण्णांनी पेठेत नवी वखार काढली होती. खांब लोखंडी गज घालून ओतलेल्या सिमेंटचे. पेठेला त्याचं भारी नवल. त्यासाठी मुंबईहून एक ओव्हरसियर आला होता.

"खांबांच्या मधे छातीएवढी भिंत घाल, वर मोकळं ठेव. गुळाला वारा लागला पाहिजे," त्यानं लालासाबला बजावलं. "आणि भिंत खांबाला अशी भिडव की मधे सुई जाता कामा नये."

"सायेब, खांब हालायचा झाला तर?" लालासाबनं एकदाच विचारलं.

"सिमेंटचा खांब हलतोय होय रे!" साहेब हसला.

भिंती चढल्या. फक्त मधल्या खांबापाशी हमालांचा मुकादम जोतीराम आडवा आला. त्या खांबाच्या पायथ्याला त्यांचा वखारीच्या आधीपासूनचा शेंदरी म्हसोबा होता. "देवाला इटांत चेपता व्हय? दोन्ही अंगाला वीतभर जागा सोडा की!" साहेब कुरकुरला, पण हमालांशी वाकडं घ्यायला आण्णा तयार नव्हते. मग लालासाबनं तिथली भिंत अंमळ जाड धरली, स्वतःच्या पायावर उभी राहील अशी, आणि खांबापासून वीतभर अलीकडेच थांबवली.

पौषातल्या एका दुपारी जमीन हलली. दहा श्वासांचा खेळ. ढेपा गडगडल्या, माणसं रस्त्यावर धावली, इजा कुणालाच झाली नाही. पण वखारीच्या सात खांबांना तिरक्या भेगा पडल्या होत्या, सगळ्या भिंतीच्या माथ्याच्या वरच. म्हसोबाचा खांब तेवढा धड. हमालांनी नारळ फोडले.

आणि साहेबानं साऱ्या पेठेसमोर निवाडा दिला. "गवंड्याचं काम कच्चं. भिंतीनं साथ दिली नाही म्हणून खांब तडकले. याला पेठेत पुन्हा उभं करू नका."

लालासाब खाली मान घालून थापी पुसत राहिला. पुसून झालेली थापी तो पुन्हा पुसत होता. ते पाहिलं आणि खैरुनबीच्या डोक्यात आगच शिरली. तिनं कोपऱ्यातली पहार उचलली आणि साहेबापुढं आदळली.

"कच्ची व्हय? काढा बघू ह्यातली एक वीट!"

साहेबानं पहारीकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं आणि हात मागं बांधले.

"न्हाय निघायची. भिंत पक्कीच हाय, तिथंच तर घात झाला!" दारातल्या गाडीवरचा एक लांब ऊस तिनं ओढला. "जोतीराम, हेचा बुडखा भुईवर धर. नुस्ता बुडखा." तिनं शेंडा हातभर ढकलला. ऊस वाकला, परत सरळ झाला. "आता तसाच उभा धर आन छातीशी दोनी मुठींत आवळ." तिनं शेंडा पुन्हा तेवढाच ढकलला. कडाडकन आवाज झाला.

"कुठं मोडला?"

"मुठीच्या वर," जोतीराम म्हणाला.

"आन खांब कुठं तडकलं?"

सगळ्यांच्या माना भिंतीच्या माथ्याकडं वळल्या.

"बायकांनी ऊस खावा," साहेब म्हणाला. "इंजिनेरी शिकवू नये."

एकदोघं हसले. जोतीराम हळूच म्हणाला, "पर भाभी, त्यो खांब आमच्या म्हसोबानंच राखला की."

"वा रं वा! बरं झालं ते देवाचं, वाईट झालं ते आमच्या घरधन्याचं, आन सायबाचं कायच न्हाय?"

आण्णा मात्र म्हसोबाच्या खांबापाशी गेले होते. त्यांनी फटीत हात घातला, कोपरापर्यंत आत गेला. त्यांनी मोडलेल्या उसाकडं पाहिलं. मग म्हणाले, "तडकलेले खांब नव्यानं ओता. आणि प्रत्येक खांबाला म्हसोबाची वीत सोडा. लालासाब, कधी लागतोस कामाला?"

देवाचं नाव आलं तसा साहेबाचाही जीव भांड्यात पडला. तो निघणार, तोच लालासाबनं मान वर केली.

"आदी सायबांनी सांगावं. भिंत कच्ची हुती का?"

सगळे साहेबाकडं बघू लागले. आण्णांनीही नजर हलवली नाही. साहेबानं टोपी काढली, पुन्हा घातली. "भिंत... पक्की होती," तो म्हणाला आणि चालता झाला. तेव्हा कुठं लालासाबनं थापी पिशवीत टाकली.

पुढच्या वखारीच्या नकाशात प्रत्येक खांबापाशी वीतभर फट होती आणि खाली साहेबाची सही होती. खैरुनबीचा राग काही त्यानंतरही उतरला नाही. हमालांनी तर आण्णांच्या वखारीतल्या सगळ्याच खांबांना शेंदूर फासला. त्याला मात्र तिनं नाही म्हटलं नाही. येताजाता ती फटींत डोकावायची, आणि कुणी गोणपाट नाहीतर खडे कोंबलेले दिसले की बोटांनी उकरून काढत ओरडायची,

"देवाची जागा म्हनता न्हवं? मग कोंबता कशाला, मुडद्यांनो!"