डाग न पडलेली गादी

गादीवाल्या काकांचं नाक भारी तिखट. जुनी गादी पिंजायला आली की उसवायच्या आधीच ती तान्ह्या बाळाची, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची की नुसतीच घामट, हे ते हुंगून सांगायचे, तेही गिऱ्हाइकाच्या तोंडावर. जीभही तशीच तिखट. लाड केले ते फक्त म्हाताऱ्या कुत्र्याचे. दिवसभर कापसाच्या ढिगावर लोळतो, म्हणून त्याचं नाव साहेब.

हा साहेब अलीकडे घटाघटा पाणी प्यायला लागला आणि जागच्या जागी मुतायलाही. एकदा तर त्याने तयार गादीच भिजवली. काकांचा पारा चढला. त्यांनी गादी हुंगली, तर वास नाही. वाळल्यावर डागही नाही. वास नाही म्हणजे आजार नाही, असा त्यांचा आयुष्यभराचा हिशेब. नुसतं पाणी ढोसतोय आणि सोडतोय, असं ठरवून दुपारनंतर ते त्याचं भांडं फळीवर ठेवू लागले. त्याला तहान लागते हो, असं काकू म्हणाल्या, तर त्यांनाच गप्प बसवलं. साहेब फळीकडे बघत बसायचा. पुढे त्याने जेवण सोडलं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. मूत्रपिंडं निकामी होत आली होती. धडधाकट मूत्रपिंडं रक्तातली घाण थोड्याशा पाण्यातून बाहेर टाकतात, याची पाणी धरूनच ठेवू शकत नाहीत, असं त्यांनी समजावलं. पाणी निघून जातं आणि घाण आत साठते, म्हणून लघवीला ना रंग ना वास. गेलेलं पाणी भरून काढायला तो बिचारा पीत होता.

"पाणी कायम समोर असतं ना त्याच्या?" बाईंनी विचारलं.



"नाही," काका म्हणाले. "मी उचलून ठेवायचो."

बाई रागावल्या नाहीत. दुखणं आधीचंच, पण पाणी तोडल्याने ते बळावलं, एवढंच म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

सलाईन लावून साहेबाला घरी आणलं. काकांनी दुकानभर भांडी भरून ठेवली, कोरी गादी अंथरली आणि भिजू दे म्हणाले. साहेब भांड्याशी जायचा, थांबायचा, काकांकडे बघायचा.

"पी रे बाबा," काका म्हणायचे. तेव्हा कुठे तो तोंड लावायचा.

शेवटच्या दिवशीही तो त्यांना विचारूनच पाणी प्यायला.