लिंबोंग अजून आजारी आहे

दामारिस रोज पहाटे दोन कप कॉफी करायची. एक स्वतःसाठी आणि एक दक्षिणेकडच्या खोलीत निजलेल्या लिंबोंगसाठी. त्याचा कप उशाशी ठेवून ती म्हणायची, "ऊठ रे, गार होतेय." लिंबोंग उठत नसे. त्याचा श्वास थांबून दोन सुग्या उलटून गेल्या होत्या.

पण आमच्या तोराजाच्या डोंगरात श्वास थांबला म्हणून कोणी मरत नाही. तो आजारी पडतो. इस्पितळातला माणूस येऊन औषधाची सुई टोचून जातो, म्हणजे देह टिकतो. घरचे त्याला जेवण नेतात, गावातल्या बातम्या सांगतात. सोयरेधायरे जमले, अंत्यविधीला अंगणात बळीचा पहिला रेडा पडला, की तो मेला. गावात चर्च पणजोबांच्या काळीच उभं राहिलं, तरी ही रीत कोणी सोडली नाही. चर्चनेही या बाबतीत आमच्याशी फारसं वाकडं घेतलं नाही.

दामारिस बाजारात देप्पे विकायची, तांदळाच्या पिठाचे, गूळ घातलेले, तीळ लावून तळलेले. नवरा लवकर गेला आणि एकुलत्या लिंबोंगला तिने तळहाताच्या फोडासारखं जपलं. तिच्या देप्प्यांना तीळ जास्त आणि पोराला लाड जास्त, असं बायका तिच्या तोंडावर म्हणायच्या. ती हसून आणखी एक देप्पा पुडीत टाकायची.

त्या लाडांचं जे व्हायचं तेच झालं. लिंबोंग दिसायला देखणा, गायला गोड, आणि ताडी पोटात गेली की हात उगारणारा. बायको होती यूलिता. एके दिवशी त्याने भाताच्या मुसळाने तिचा उजवा हात मोडला. हाडवैद्याने तो जमेल तसा बांधला. ती डोंगर उतरून समुद्राकाठच्या पालोपोला गेली, ती गेलीच. पुढच्या पावसाळ्यात लिंबोंगची मोटरसायकल वळणावरून दरीत गेली. तेव्हाही पोटात ताडी होतीच.

एका रविवारी नव्या पाळकांनी उपदेश केला की डोळा मिटतो त्याच क्षणी न्याय होतो. मध्ये थांबायला जागा नाही, मागाहून कोणाची रदबदली चालत नाही. दामारिस बाकावर बसल्या जागी गार पडली. उपासना संपल्यावर तिने त्यांना दारातच गाठलं.

"पाळकसाहेब, अन्याय ज्याच्यावर केला त्यानेच माफ केलं, तर देव ऐकेल ना?"

"मावशी, ते मरणाआधी व्हायला हवं. नंतर नाही."

शेजारीच तिचा दीर रांते उभा होता, चर्चच्या पंचांतला. तो म्हणाला, "असं कसं? शेवटचा कर्णा वाजेपर्यंत सगळे मातीत झोपलेले असतात. मग एकदमच सगळ्यांना उठवतात. आम्ही लहानपणी हेच शिकलो."

दोघांची तिथेच जुंपली. दामारिसने दोघांचं ऐकून घेतलं आणि मग शांतपणे म्हणाली, "लगेच असो की कर्ण्यानंतर, दोन्ही मेल्यावरच ना? माझा लिंबोंग तर अजून आजारी आहे."

पाळकांनी कपाळाला हात लावला. "मावशी, देव आपल्या रीतीभातीसाठी थांबत नाही."

"अख्खं गाव थांबतं. त्यालाच कसली घाई?"

त्या दिवसापासून तिने एकच ध्यास घेतला. रेडा पडायच्या आत यूलिताने म्हणायचं, 'मी त्याला माफ केलं.' तेवढं झालं की लिंबोंग खुशाल मरेल. तिने पालोपोला निरोप धाडले. प्रत्येक वेळी एकच उत्तर आलं, "मेला की कळवा, येईन."

इकडे रांते पाठीमागे लागलेला. दामारिसने पहिल्या वर्षी गारपिटीचं निमित्त काढलं, दुसऱ्या वर्षी छपराचं. शेवटी रांते वैतागला. "वहिनी, रेडे खाऊन खाऊन माजलेत. दूर पापुआपर्यंतचे पाहुणे विचारतायत. आणखी किती दिवस त्याला आजारी ठेवणार? आता बास." आणि कापणी उरकल्यावरचा दिवस त्याने तिला न विचारताच पक्का केला. तेव्हा ती स्वतःच पालोपोला निघाली.

यूलिता माशांच्या वखारीत मीठ लावत होती, डाव्या हाताने. सासूला पाहून ती दचकली नाही.

"आई, तिकडे बसा. इथे कपड्यांना वास लागेल."

"पोरी, एकदा चल. एकदाच. त्याच्या उशाशी एवढंच म्हण..."

"तो आजारी आहे ना?"

"हो."

"म्हणजे मी अजून त्याची बायको. आले की कॉफी मीच न्यायची, अंथरूण मीच झटकायचं, माशा मीच वारायच्या. कशाने? याने?" तिने उजवा हात उचलला. तो खांद्याच्या खालीच अडला. "मेला म्हणा, मग येते."

"मेल्यावर उशीर होईल गं. तिथे त्याच्या बाजूने बोलणारं कोणी नाही. बरं, येऊ नकोस. इथेच म्हण, मी जाऊन त्याला सांगते. मी तुझ्या पाया पडते, यूलिता." आणि ती खरंच त्या ओल्या, खवल्यांनी भरलेल्या जमिनीवर बसली.

यूलिताने तिला उठवलं नाही. मीठ लावता लावताच तिने विचारलं, "त्या दिवशी भिंतीपलीकडे तुम्ही काय करत होता, आई?"

"तीळ भाजत होते."

"मुसळाचा आवाज आला?"

"आला."

"मी हाका मारल्या. तुम्हालाच."

"आल्या ऐकू." दामारिस म्हणाली. "मला वाटलं, उठले तर तीळ करपतील."

यूलिताने पुढचा मासा घेतला.

परतीच्या गाडीत दामारिस रडली नाही, रडायलाही तिला लाज वाटली. मुलाला दोन सुग्या जगवून आपण काय केलं, ते तिला वळणावळणाला दिसत होतं. तो आजारी होता तोवर ती पोर त्याची बायको होती. पोराचा न्याय लांबवण्यासाठी आपण सुनेच्या गळ्याचा फास आवळून धरला होता, आणि तो सोडायचा तर पोराला तसंच, माफीवाचून, देवापुढे ढकलायचं होतं. तिसरी वाट तिला सुचेना. घरी येऊन तिने कॉफीचा कप लिंबोंगच्या उशाशी ठेवला आणि म्हणाली, "बाळा, तुला आता मरावं लागेल."

अंत्यविधीच्या दिवशी कोयतेवाल्याने हात उचलण्याआधी तिच्याकडे पाहिलं. सगळ्या पाहुण्यांचं लक्ष तिच्याकडे होतं. म्हातारी ऐन वेळी मोडता घालणार, असं जो तो धरून चालला होता. तिने मान हलवली. रेडा गुडघ्यांवर आला, मग कुशीवर पडला. बायकांनी हंबरडा फोडला. दामारिसला मात्र वाटत होतं की वर कुठेतरी आत्ताच लिंबोंगच्या नावाचा पुकारा झाला आणि तो एकटाच उठून उभा राहिलाय. आपण त्याच्यासाठी काहीच करू शकलो नाही.

यूलिता दिल्या शब्दाला जागली. रेडा पडल्याचं कळताच ती निघाली आणि शवपेटी कड्यातल्या थडग्याकडे न्यायच्या आदल्या दिवशी पोचली. काळे कपडे, पायात वखारीतल्याच चपला. पेटीसमोर ती थोडा वेळ उभी राहिली. रडली नाही, हात जोडले नाहीत. मग धान्यकोठाराच्या सावलीत येऊन बसली. दामारिसने तिच्यापुढे कॉफी ठेवली. काही विचारायचं नाही असं तिने ठरवलं होतं, पण राहवलं नाही.

"केलंस माफ?"

"त्याचा हिशेब आता माझ्याकडे नाही, आई. तो ज्याच्यापुढे उभा आहे, तो बघून घेईल." यूलिताने डाव्या हाताने कप उचलला. "तुमचा मात्र माझ्याकडे आहे."

"मग सांग की. आत्ताच सांगून टाक. काय असेल ते."

"आत्ता नाही."

"मग कधी?"

"येईन एकदा. कधी ते सांगत नाही."

कॉफी पिऊन ती दुपारच्या गाडीने गेली. दामारिस अजूनही पहाटे दोन कप कॉफी करते. दुसरा कप उंबऱ्याजवळ असतो, आणि दाराला ती कडी लावत नाही.