खरवडलेला चेहरा

३ ऑक्टोबर १८५६, शुक्रवार. सकाळभर धुकं. मार्जरीचा घसा बसला आहे. लिडनसाहेबांचा निरोप आला, कथबर्टचा चेहरा पुरा झाला, येऊन बघा.

एवढं लिहून विनिफ्रेडबाईंनी शाई टिपली, धुतलेला एप्रन बांधला आणि सुनेला, मार्जरीला, घेऊन त्या निघाल्या.

चित्रकार लिडन उन्हाळ्यापासून गावातलं एक गवताचं कोठार भाड्याने घेऊन राहिले होते. चित्र होतं सैनिक घरी परतल्याचं. दारात म्हातारी आई, विहिरीपाशी बायको, वाटेवर लाल कोटातला मुलगा. आई म्हणून विनिफ्रेडबाई बसत, बायको म्हणून मार्जरी, आणि सैनिकाच्या कोटात गाडीवान जेम रिग्बी कसाबसा मावत असे.

विनिफ्रेडबाईंचा कथबर्ट क्रिमियाच्या लढाईहून परतला नव्हता. छावणीतच पटकीने गेला. त्याची तसबीर कुणी कधी काढली नव्हती. म्हणून बाईंची एकच अट होती, जेमच्या धडावर माझ्या लेकाचं तोंड काढा. साहेबांनी ती मानली. आईचं कपाळ, मामाचं नाक, चुलतभावाची हनुवटी, असं एकेकाला समोर बसवून त्यांनी चेहरा जुळवत आणला.

"या विनीमावशी!" जेम दारातूनच ओरडला. "माझं मुंडकं उडवलं साहेबांनी. बायको म्हणते, आता कुठे माणसात आलास!"

मार्जरी चित्रापुढे गेली आणि तिने तोंडावर हात दाबला. "आई, हेच ते. अगदी हेच हो!"

विनिफ्रेडबाई जवळून बघत राहिल्या. कपाळ बरोबर होतं. नाकही.

"हा कोण?" त्यांनी विचारलं.

"बाई, तुम्ही सांगितलंत तसंच केलंय," लिडन म्हणाले.

"एकेक बघितलं तर सगळं आमच्या घरातलं आहे. पण हा आमच्या घरातला नाही."

"मग चुकलं कुठे? डोळे?"

सांगायचं म्हणून बाईंनी डोळे मिटले, कथबर्टला आठवू लागल्या. डोळ्यांपुढे आला तो चित्रातलाच. त्यांनी पुन्हा मिटले. पुन्हा तोच.

"खरवडा ते. आत्ताच्या आत्ता."

"नको ना आई! दोन वर्षांनी दिसलेत मला."

"तुला दिसला असेल. माझा जातोय!"

लिडन घुटमळले. बाईंच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी सुरी उचलली. ओला रंग सालीसारखा निघाला. मार्जरी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"सैनिक पाठमोरा काढतो," सुरी पुसत साहेब म्हणाले. "लंडनला पाठसुद्धा विकली जाते."

परतताना मार्जरी पुढे चालत होती. मागून विनिफ्रेडबाई एकेक कथबर्ट आठवून बघत होत्या. गोवर झालेला, नदीतून भिजून आलेला, पलटणीत निघताना दारात वाकलेला. सगळ्यांच्या मानेवर तोच परका चेहरा होता.

"मार्जरी, त्याच्या भुवया कशा होत्या गं?"

मार्जरीने वळूनही पाहिलं नाही. "आत्ताच खरवडायला लावल्यात ना तुम्ही."

संध्याकाळी विनिफ्रेडबाईंनी दिवा जवळ ओढला आणि सकाळच्या मजकुराखाली लिहिलं: पोत्यातले खालचे बटाटे कुजले आहेत. निवडून वेगळे काढले.