बापाचा जबडा

दातांच्या डॉक्टरसमोर माणूस तोंड उघडून बसतो, पण बोलायचं काही थांबत नाही. त्यामुळे आमच्याकडे पेशंटपेक्षा किस्सेच जास्त जमतात. माझे बहुतेक रायपूरचे. राज्य नवं, राजधानी नवी आणि दात सरळ करायच्या शाखेत मीही नवी. आमचे सर वाढत्या वयातल्या मुलांच्या जबड्यांवर संशोधन करत होते. आई, बाप आणि मूल, तिघांच्या चेहऱ्याचे एक्स-रे काढायचे, पारदर्शक कागदावर रेघा उतरवायच्या आणि कोणाचं काय कोणाकडे गेलं ते ताडून पाहायचं. बोलायला सोपं, पण माणसं गोळा करायची कोणी? अर्थात मी!

*

मुलाची वाढ किती बाकी आहे हे मनगटाच्या हाडांवरून कळतं, म्हणून हाताचाही एक्स-रे असायचा. तात्यापारा या मराठी वस्तीतले एक आजोबा नातवाला घेऊन आले आणि अडून बसले. "दात तोंडात हायेत ना मॅडम? मंग हाताचा फोटू काहून काढून राहिले?"

मी सगळं समजावलं. आजोबांनी मन लावून ऐकलं आणि स्वतःचा हात हळूच पुढे केला. "मंग माह्यं बी सांगून टाका. किती बाकी हाय?"

*

प्लास्टरमध्ये उतरवलेले मुलांचे दात फळीवर ओळीनं मांडलेले असायचे. झाडू मारणारी दुर्गाबाई रोज आधी त्यांवर चादर टाकायची. सरांना वाटलं, धुळीची काळजी! त्यांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं.

"धूल-वूल नहीं साहब," ती म्हणाली. "इतने लोग दाँत दिखाएँ तो हमसे काम नहीं होता!"

*

चौबे कॉलनीतली एक मुलगी तेलीबांध्याच्या तलावावर गुपचुप, म्हणजे आपली पाणीपुरी, खायला गेली. दातांची प्लेट काढून कागदात गुंडाळली आणि ठेल्यावरच विसरली. दुसऱ्या दिवशी मायलेकी धावत गेल्या. ठेलेवाल्या भैयानं शांतपणे स्टीलचा डबा उघडला. "दीदी, तीन रखी हैं. देख लो, आपकी कौन सी है."

तिन्ही आमच्याच होत्या!

*

मेश्रामबाई नवऱ्याच्या माघारी रेल्वेत त्याच्या जागी लागल्या होत्या. त्यांची श्वेता दहा-अकरा वर्षांची, खालचा जबडा पुढे आलेला. वर्गातली मुलं चिडवायची, म्हणून पोरगी तोंडावर रुमाल धरूनच बोलायची. वाढ चालू आहे तोवर उपचार केले तर बरं, नाहीतर पुढे ऑपरेशन. बाई सगळं ऐकायच्या आणि संमतीच्या कागदावर सही न करता उठायच्या. शेवटी मी वैतागून विचारलं, "अहो, अडचण काय आहे?"

बाईंनी पर्समधून नवऱ्याचा फोटो काढला. तोच जबडा!

"बापाचा एक्स-रे मांगला होता ना तुमी? एवढंच हाय माह्यापाशी. फोटोत थे हलत नाईत मॅडम. हिच्या तोंडावर रोज दिसतेत मले. थे बी मीच पुसून टाकू का?"

रुमालाआडून श्वेता म्हणाली, "मम्मी, पापा को कोई चिढ़ाता नहीं था. मुझे रोज चिढ़ाते हैं."

बाईंनी पेन मागितलं आणि सही केली.

*

आधी चेहऱ्यावर लावायची पट्टी, मग तारा, श्वेतानं सगळं निमूट सांभाळलं. तारा निघाल्या त्या दिवशी तिच्या हातात आरसा दिला. रुमाल कुठेच नव्हता. श्वेता स्वतःला पाहत होती आणि मेश्रामबाई तिला. समोरून, बाजूनं, पुन्हा समोरून. त्या काय शोधत होत्या ते मला कळत होतं. सर उगाचच कागद चाळत बसले.

अखेर श्वेता कंटाळली. तिनं आरसा खाली ठेवला, मान तिरकी केली आणि एक भुवई वर चढवली. "क्या है मम्मी? ऐसे घूर क्यों रही हो?"

बाईंनी टाळीच वाजवली.

"हेच! हेच! भाजीत मीठ कमी पडलं का अस्सेच पाहेत थे माह्याकडे!"