दोन्ही चाकांनी ओढलं पाहिजे

किन्हीराजाच्या फाट्याजवळ खेमा चव्हाणचं गॅरेज आहे. चार लाकडी खांब, वर पत्रे, बाजूला लिंबाचं झाड. पाटी नाही. मी इथल्या शाळेत बदलून आलो तेव्हा माझी स्कूटर ढकलत त्याच्याकडे पहिल्यांदा गेलो. त्यानं किक न मारता नुसता कान लावला आणि म्हणाला, "सर, हिच्यात काई बिघाड नाई. पेट्रोल संपलं हाय." तेव्हापासून आमची दोस्ती.

खेमाभाऊ कुठल्या शाळेत मेकॅनिकी शिकला नाही. आपल्या बंजारा तांड्यावरच्या बाकीच्या लोकांसारखा तोही वीसेक वर्षं दिवाळी झाली की बायकोला घेऊन ऊसतोडीला जायचा. फडात ट्रॅक्टर बंद पडला की सगळे शिव्या देत बसायचे. खेमाभाऊ कोयता ठेवून खाली घुसायचा आणि त्याची बायको ललिताबाई मोळी बांधणं सोडून त्याला पाना द्यायला यायच्या. "सोळाचा मांगितला तर ती अठराचा द्याची," तो सांगतो. "अन् लागाचा अठराचाच." पुढं मुलगी निता शाळेत जायला लागली तेव्हा दोघांनी ऊसतोड सोडली आणि फाट्यावर हे पत्रे टाकले.

चार वर्षांपूर्वी ललिताबाईंचे पाय सुजायला लागले. वाशीमच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही किडन्या गेल्यात. तेव्हापासून मंगळवार आणि शुक्रवार, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. सुरुवातीला दोघं बसनं जायचे. पण परत येताना ललिताबाईंना उभं राहवत नसे, डोळ्यांपुढे अंधारी यायची. म्हणून खेमाभाऊनं इंजिन जाम झालेली एक छोटी जुनी गाडी आणली, दोन महिने खपून ती चालती केली आणि मागच्या सीटवर गोधडी अंथरली.

हायवेवर गाडी मस्त पळायची. अडचण होती ती तांड्यापासून फाट्यापर्यंतच्या दीड किलोमीटर पांदणीची, शेतांमधल्या कच्च्या वाटेची. आपली काळी माती सगळ्यांना ठाऊक आहे. पावसाळ्यात ती पायाला धरली की चप्पल ठेवून घेते. गाडीचं पुढचं एक चाक गाऱ्यात, म्हणजे चिखलात, गेलं की तेच भिंगरीसारखं फिरत राहायचं, आणि दुसरं, कोरड्या कडेवरचं, मुकाट उभं. मग ललिताबाईंनी उतरायचं, खेमाभाऊनं ढकलायचं, कुणीतरी स्टिअरिंग धरायचं.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आठवड्यात, शुक्रवारीच, गाडी अशी फसली की पोट चिखलाला टेकेपर्यंत खाली गेली. ललिताबाईंना आधीच दम लागला होता. शेवटी शेजारच्या हरिसिंगनं घरून बाज आणली, चौघांनी त्यांना बाजेवर निजवून खांद्यावरून फाट्यावर नेलं आणि तिथून एका जीपनं वाशीमला. डायलिसिस झालं, जीव निभावला. पण सगळा तांडा पांदणीच्या कडेला उभा राहून बघत होता. बायांनी तोंडाला पदर लावले होते.

दोन दिवसांनी ललिताबाई नवऱ्याला म्हणाल्या, "निताचे बापू, मले आता बाजेवर नेऊ नका. मेल्यावर नेतेतच."

खेमाभाऊ हे मला सांगत होता तेव्हा त्याच्या हातात कार्ब्युरेटर होता. तो पुसून झाला होता तरी तो पुसतच होता.

त्यानं काय काय करून पाहिलं! चाकांना दोरखंड गुंडाळले, ते दहा पावलं चालून तुटले. खोल नक्षीचे टायर घातले, त्यांच्यात माती भरून ते गुळगुळीत झाले. मग एक दिवस शेडमध्ये त्यानं गाडीचं पुढचं तोंड जॅकवर उचललं, गिअर टाकला आणि मला म्हणाला, "सर, ते चाक हातानं धरा. जोरानं धरू नका, इंजिन मंद हाय."

मी डावं चाक धरलं. ते थांबलं, आणि उजवं दुप्पट वेगानं फिरायला लागलं.

"पाह्यलं? वळणावर बाहेरचं चाक जास्त पळाले पायजे, म्हणून कंपनीनं मंधात डिफरन्शियल ठेवलं. चांगलीच गोष्ट हाय. पण गाऱ्यात काय होते? जे चाक हलकं, त्याच्याकडंच सारा जोर पळते. जे मातीत पाय रोवून उभं हाय, त्याले काईच नाई."

ट्रॅक्टरला यावर उपाय असतो. एक पेडल दाबलं की दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जातात. खेमाभाऊच्या मनात आलं, आपण आतले गिअर वेल्डिंग करून टाकावेत. पण या गाडीत ओढणारी चाकं पुढची आणि वळणारीही पुढचीच. कायमची बांधली तर गाडी डांबरावर वळणारच नाही, वळवली तर एक्सल मोडेल. त्याला हवं होतं ते असं काहीतरी, जे वळणावर सोडेल आणि गाऱ्यात धरेल.

निता आता पुण्यात एका सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर असते. बापाचं बोलणं तिनं नीट लिहून घेतलं आणि शर्यतीच्या गाड्या करणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला दाखवलं. तो हसला म्हणे. "तुझ्या बापानं गावात बसून लिमिटेड स्लिपचा शोध लावला की!" याच मॉडेलच्या शर्यतीच्या गाडीतून काढलेलं तसलं एक डिफरन्शियल त्याच्याकडे पडून होतं. आत पातळ चकत्यांची थप्पी. एक चाक उगाच पळायला लागलं की चकत्या एकमेकींना घट्ट धरतात आणि जोर दुसऱ्या चाकाकडे वळवतात. संक्रांतीला निता आली ती मांडीवर ते धूड घेऊनच, ओढणीत गुंडाळलेलं. बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, बाळ किती महिन्यांचं?

काम करायला शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार संध्याकाळ एवढाच वेळ होता, कारण मंगळवारी गाडी हवीच. खेमाभाऊनं गिअरबॉक्स उतरवला, फोडला, जुनं डिफरन्शियल काढलं, त्याचं मोठं दातेरी चाक नव्यावर चढवलं. ललिताबाई खुर्ची टाकून जवळ बसल्या होत्या. डाव्या हातात डायलिसिससाठी जोडून घेतलेली नस, त्या हातानं काही उचलायचं नाही, म्हणून एका उजव्या हातानंच त्या बोल्ट रॉकेलमध्ये धुऊन फडक्यावर ओळीनं मांडत होत्या. घरात ते दोघं त्यांच्या गोरमाटी बोलीत बोलतात, माझ्यासमोर वऱ्हाडीत. त्या दिवशी मी बसलो आहे हे दोघंही विसरले होते. मला फारसं कळलं नाही. एवढंच कळलं की त्या चिडवत होत्या आणि तो लाजत होता.

सोमवारी चाचणी. माघ महिना, पांदण खडखडीत वाळलेली. हरिसिंगनं हरभऱ्याचं पाणी तोडून पांदणीत सोडलं आणि शंभर पावलांचा गारा तयार केला. सगळा तांडा जमला. मी खेमाभाऊच्या शेजारी बसलो.

गाडी गाऱ्यात शिरली. उजवं चाक एकदा घसरलं, आणि मग खालून काहीतरी आवळल्यासारखं झालं, आणि दोन्ही चाकं एकदम ओढायला लागली. बाहेर पोरांनी आरोळी ठोकली. खेमाभाऊचे डोळे चमकले. तेवढ्यात बाभळीचं वळण आलं. त्यानं स्टिअरिंग वळवलं, गाडी वळलीच नाही. ती सरळ हरिसिंगच्या हरभऱ्यात घुसली.

"आता मले हरभरे सोलाची गरज नाई," हरिसिंग म्हणाला. सगळे हसले. खेमाभाऊ हसला नाही.

दुसऱ्या दिवशी वाशीमला जातानाच खरी गोष्ट कळली. प्रत्येक वळणावर खालून कट-कट आवाज आणि झटका. स्टिअरिंग हातातून ओढलं जायचं. खेमाभाऊनं आरशात पाहिलं, ललिताबाईंनी डावा हात उजव्या हातानं छातीशी धरून ठेवला होता.

"दुखून राह्यलं का?"

"नाई. जरासं हालते."

"मंग सांगत काहून नाई?"

"तुमी इतकं केलं, अन् मी कायले सांगू?"

त्यानं गाडी कडेला घेतली आणि पुण्याच्या मिस्त्रीला फोन लावला. मिस्त्रीनं सगळं ऐकून घेतलं. "खेमा, तुझ्या गाडीत रेसर बसतो की पेशंट?" त्यानं विचारलं. "ते शर्यतीसाठी आवळलेलं आहे. कमी आवळ. आणि साधं गिअर ऑइल टाकलंस का? त्याला चकत्यांचं वेगळं ऑइल लागतं."

मग पुन्हा शुक्रवार संध्याकाळ, पुन्हा गिअरबॉक्स खाली. खेमाभाऊनं चकत्यांचा क्रम बदलला, दाब कमी केला. आता वळण मऊ झालं, पण गाऱ्यात पकड सुटायची. पुढच्या शुक्रवारी तिसऱ्यांदा उघडलं आणि दाब दोन्हींच्या मधला ठेवला. या वेळी चाचणीला त्यानं मला नेलं नाही. त्यानं ललिताबाईंना शेजारी बसवलं आणि फाट्यापासून जवळच्या मालेगावपर्यंत, मग परत, प्रत्येक वळणावर त्यांना विचारत राहिला.

"आता?"

"आता बरं."

"खरं सांग."

"खरंच बरं हाय. पण तुमी इतकं विचारसान तर माह्यं डोकं दुखंल."

ऑइलचा डबा नितानं कुरियरनं पाठवला. मार्च सरता सरता गाडी तयार झाली.

पाऊस लागला तेव्हा खेमाभाऊला स्वतःलाही शिकावं लागलं. आधी गाडी फसायला लागली की तो अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा. आता दाबायचं नाही, जरासा पाय ठेवायचा आणि स्टिअरिंग हलकं धरायचं. जुलैतल्या एका मंगळवारी मी शाळेत जाताना पांदणीच्या तोंडाशी उभा राहून ते पाहिलं. गाडी बैलाच्या चालीनं येत होती, चिखल दोन्ही चाकांमागून सारखा उडत होता. मागच्या सीटवर ललिताबाईंनी काचेला हात लावून मला नमस्कार केला. त्यांच्या पायात स्वच्छ चप्पल होती.

सगळं जमलं असं नाही. ऑगस्टमध्ये नाल्याला पूर आला आणि पांदणीचा एक तुकडाच वाहून गेला. त्या शुक्रवारी दोघं चालत निघाले. ललिताबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता, दर वीस पावलांवर थांबत होत्या. हरिसिंग बाज घेऊन आला तर त्यांनी त्याला हातानंच परत पाठवलं. फाट्यावर जीप मिळाली, पण तिथवर यायला तास लागला. त्या आल्या त्या मात्र आपल्या पायांवर. गाडीनं त्यांचा आजार बरा केला नाही. तो आहे तसाच आहे, डॉक्टर जे सांगायचं ते सांगतातच.

वाहून गेलेला तुकडा तांड्यानं मुरूम टाकून भरला. सप्टेंबरमधल्या एका बुधवारी सकाळपासून झड लागली होती. खेमाभाऊ गॅरेजला यायला निघाला तर ललिताबाई गाडीत बसलेल्या. मागं गोधडीवर नाही, पुढच्या सीटवर. हिरवं लुगडं, केस विंचरलेले.

"आज बुधवार हाय," तो म्हणाला. "दवाखाना नाई."

"म्हणूनच तं बसली. दवाखाना अन् तुमची ती चाचणी सोडून मी हिच्यात कुठंच गेली नाई. केनवडले चला."

"केनवडले काय हाय?"

"काईच नाई. पावसात हिंडू. रस्त्यानं लोकं पाहू."

मी मधल्या सुट्टीत चहाला आलो तेव्हा गाडी माझ्या समोरून हायवेला लागली, खिडकीपर्यंत चिखलानं माखलेली. केनवडला ते दोन तास गाडीतच बसून होते म्हणे, काचा अर्ध्या खाली करून, येणारी-जाणारी माणसं बघत. ललिताबाईंनी एका भाजीवालीशी ओळख काढली, तिच्या सुनेची चौकशी केली, मेथीची जुडी घेतली. परत येताना खेमाभाऊनं विचारलं, थकली का? त्या म्हणाल्या, थकली, पण पुढच्या बुधवारी कारंज्याला जाऊ.

हल्ली बुधवारी खेमाभाऊचं गॅरेज बंद असतं. लोकांना आता माहीत झालंय. कुणी नवखा आपली बंद गाडी घेऊन आलाच, तर शेजारचा पानटपरीवाला त्याला सांगतो, "उद्या या. आज तो बायकोले हिंडवाले गेला."