आप्पांच्या घराचा मान

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे असतील, तर ते शाळेतल्या इतिहासाच्या सरांचे. आमचं गाव जामखेड तालुक्यात. आईवडील दिवाळी झाली की संगमनेरकडच्या कारखान्यावर ऊसतोडीला जायचे आणि उन्हाळा लागला की परतायचे. पाचवीपर्यंत मीही त्यांच्याबरोबर जायचो, म्हणजे माझी शाळा वर्षातले सहाच महिने. सहावीत असताना सर घरी आले. आई भांडी पोत्यात भरत होती.

"तुम्ही जा," सर म्हणाले. "हा माझ्याकडं राहील."

"सर, ह्यो लई खातो," आई म्हणाली.

"खाऊ द्या. आमच्याकडं शिळं उरतंय, तेवढं तरी संपेल."

पुढची पाच वर्षं हिवाळ्यात मी सरांच्या घरी राहिलो. काकूंनी शिळं कधी वाढलं नाही. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी झालो तो त्या घरामुळे, आणि इतिहासच घेतला तोही सरांमुळेच.

सरांनी आयुष्यभर एकच गोष्ट जमवली. सुलतानी अमलात सुभेदारानं धान्याची वसुली दुप्पट केली, तेव्हा आमच्या गावानं बंड केलं. बंड म्हणजे तलवारी नव्हेत. अख्खं गाव धान्य आणि गुरंढोरं घेऊन डोंगरात निघून गेलं. मागे एकच माणूस राहिला. तो दिवसभर या घरातून त्या घरात जाऊन चुली पेटवत राहिला, म्हणजे लांबून फौजेला धूर दिसावा आणि गाव जागेवर आहे असं वाटावं. फौज सावकाश आली. तोवर बायकापोरं घाट चढून गेली होती. तो माणूस मात्र मारला गेला.

त्याची आठवण म्हणून वैशाखातल्या पहिल्या मंगळवारी आमचं गाव अजून रिकामं होतं. सगळे शिवारात जाऊन जेवतात. मागे राहतो तो त्या माणसाच्या घराण्यातला थोरला. माझ्या आठवणीत हा मान आप्पांचा. आता घरोघरी गॅस आहे, तरी त्या दिवशी दारात तीन दगड मांडून ठेवतात आणि आप्पा एकटे गावभर फिरून ते पेटवतात. सरांनी म्हाताऱ्या माणसांकडून ऐकून ऐकून हे सगळं चार वह्यांमध्ये उतरवलं होतं.

पुण्यात एम. ए. झाल्यावर मला एका चित्रपट कंपनीत संशोधन सहायकाची नोकरी लागली. त्यांना मध्ययुगातल्या एका बंडावर मोठा युद्धपट काढायचा होता. गाव वसुली न देता डोंगरात निघून गेलं, एवढीच सरांची गोष्ट मी थोडक्यात सांगितली आणि ती त्यांना आवडली. सरांनी वह्या माझ्या हातात दिल्या तेव्हा एवढंच म्हणाले, "झेरॉक्स काढून परत आण. आणि लढाई दाखवा, माझी हरकत नाही. पण चुली राहू द्या."

पटकथेच्या बैठकांना मी कोपऱ्यात बसायचो. दीड महिना मला कोणी काही विचारलं नव्हतं. एक दिवस दिग्दर्शक म्हणाले, "बंड मोडतं कसं, तेच बसत नाहीये. आतला कुणीतरी फितूर पाहिजे." मी म्हणालो, "गावात एक माणूस मागे राहिला होता. त्यानं चुली पेटवल्या. त्याचा धूर फौजेला दिसला."

दिग्दर्शक माझ्याकडे वळले. "म्हणजे धुराची खूण केली त्यानं?"

धूर फसवण्यासाठी होता, हे एक वाक्य मला बोलायचं होतं. मी सुरुवात केली, "मूळ गोष्टीत तसं..." तेव्हा लेखक म्हणाला, "मूळ गोष्ट कुणाला माहितीये?"

"कुणाला नाही," मी म्हणालो.

माझं अख्खं गाव त्या 'कुणाला नाही'मध्ये गेलं. त्या दुपारी दिग्दर्शकांनी मला जेवायला शेजारी बसवलं, आणि मी खूश होतो. हे लिहायला आजही जड जातं, पण खरोखर खूश होतो.

लढाईचं शूटिंग सुप्याजवळच्या एका माळावर झालं. एमआयडीसीतले कामगार सुट्टीच्या दिवशी सैनिक व्हायला आले होते. शिरस्त्राण घातलेला एक जण मला म्हणाला, "साहेब, आमी बंडखोर का सरकारी?"

"सरकारी."

"मग आमचं मरण लवकर उरकून घ्या. सेकंड शिफ्टला जायचंय."

मी हसलो. त्या दिवसांत मी पुष्कळ हसायचो. मधूनमधून सरांचा फोन यायचा. "चुलींचा प्रसंग आहे ना रे?" मी म्हणायचो, "आहे सर." ते खोटं नव्हतं, म्हणून मला झोप लागायची.

गुढीपाडव्याच्या आठवड्यात सिनेमा लागला. सरांनी गावातली साठेक माणसं जमवली. दोन क्रूझर आणि एक टेम्पो करून सगळे नगरच्या थिएटरला आले. मी पुण्याहून तिथे पोचलो. न जाण्याचं कारण शोधत होतो, पण सापडलं नाही. आप्पा नवा फेटा बांधून आले होते. सरांनी त्यांना मधल्या रांगेत स्वतःशेजारी बसवलं. चुलींचा प्रसंग सुरू झाला तशा शिट्ट्या पडल्या. मागून कोणी ओरडलं, "आप्पा, तुमचं म्हातारं आलं बघा पडद्यावर!"

पडद्यावरच्या माणसानं शेवटची चूल पेटवली, वर जाणाऱ्या धुराकडे बघून हसला आणि गावाबाहेर येऊन सुभेदाराच्या घोड्यापुढे वाकला. मग गाव जळालं. त्या भागावर कंपनीनं सगळ्यांत जास्त मेहनत घेतली होती.

आमच्या रांगांमधल्या माना आप्पांकडे वळल्या. आप्पा उठून जातील असं मला वाटलं होतं. ते शेवटची नावं येईपर्यंत बसून राहिले. त्या नावांत, आभाराच्या यादीत, सरांचं नाव होतं. ते मीच आग्रहानं घालून घेतलं होतं.

बाहेर आल्यावर आप्पांनी सरांना विचारलं, "सर, तुमच्या वह्यांत असं हाय का?"

"नाही आप्पा."

"मग तुमचं नाव कसं हुतं तिथं?"

सर माझ्याकडे बघत होते. मी टेम्पोवाल्याशी बोलायला गेलो.

पुढचं मला वडिलांकडून कळलं. एसटीत पोरं आप्पांच्या नातवाला म्हणू लागली, "धूर कर की, फौज येती का बघू." काही जण सरांशी बोलेनासे झाले. चैत्र संपत आला तेव्हा देवळात बैठक झाली आणि आप्पा म्हणाले, "यंदा दुसरं कुणी बघा. माझ्या घरातलं कुणी आता लोकांच्या दारात काडी घिऊन जायाचं न्हाई." दुसऱ्या कोणाला तो मानच नाही. तेव्हा सर उभे राहिले. "माझ्या वह्यांत असं नाही," ते म्हणाले, "आणि माझ्या विद्यार्थ्यानंही असं सांगितलेलं नाही. त्याला मी घरात वाढवलंय. हे सिनेमावाल्यांनी केलं."

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. आवाज थकलेला होता. "तू एक कर. कंपनीकडून चार ओळी लिहून आण, की हा बदल त्यांनी मनानं केला. आप्पांना दाखवतो. ते ऐकतील."

मी हो म्हणालो. कंपनीनं तशा चार ओळी सहज दिल्या असत्या. त्यांना काय फरक पडत होता? दोन दिवस मी त्या ओळींचा मसुदाही मनात करत होतो. शेवटी त्या मागितल्या नाहीत आणि हे पत्र पाठवलं:

सर,

तुम्ही मागितलेला कागद पाठवत नाही, कारण त्यात लिहायचं ते खरं नाही. फितूर कोण, हे कंपनीला माहीत नव्हतं. भर बैठकीत ते मी सांगितलं. धूर कशासाठी होता हे मला विचारलं गेलं, तेव्हा मी बोललो नाही. कोणी जबरदस्ती केली नव्हती. मला त्या लोकांत बसायचं होतं.

तुमचं नाव यादीत मी घातलं. त्यानं तुमचे उपकार थोडे फिटतील असं वाटलं होतं. गावानं तुम्हाला बोल लावला तो त्या नावामुळे.

हे पत्र आप्पांना वाचून दाखवा. त्यांच्या नातवालाही बसवा. तुम्हाला वाचणं जमलं नाही, तर सोमवारी दुपारी मी येतोय, मीच वाचेन. देवळात सगळ्यांसमोर आप्पांना सांगेन, की त्यांच्या घराण्याला फितूर मी केलं. ते काय ठरवतील ते ठरवतील. त्यांनी मंगळवारी गावात थांबावं म्हणून मी पाया पडेन, पण नाही म्हणाले तर आग्रह करणार नाही.

एकच विनंती आहे. मी बोलत असताना तुम्ही माझ्या बाजूनं उभे राहू नका.